कापसाच्या खोलीतली खिडकी

मंदा कोणाच्याही घरी गेली की बसण्याआधी भिंतीला हात लावायची. आपण पाण्याचा गडवा घेऊन यावं, तर ही तळहात भिंतीवर टेकवून उभी, ताप पाहतात तशी. मग हात उलटा करून बघायची, पांढरा झाला का. झाला असला तर मान हलवायची आणि म्हणायची, "चुना हाये काकू. इथं काई टिकत नाई." हात स्वच्छ निघाला की मात्र चेहरा असा फुलायचा की घरच्यांना वाटावं, आपलं काहीतरी फार मोठं कौतुक झालं. माझ्या नातवाच्या साक्षगंधाला तिला सोबत नेलं होतं. तिथं तिने मुलीकडच्यांच्या बैठकीची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. विहीणबाईंनी मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, "ह्या बाई पोरगी पाहायले आल्या का घर?"

तर अशी मंदा. तुम्ही तिला पाहिलेलं नाही म्हणून सांगते. बुटकी, काटक, चालताना एक खांदा पुढे काढणारी, जणू समोर दार आहे आणि ते ढकलायचं आहे. ब्लाउजच्या खांद्याला कायम एक सुई टोचलेली. आमच्या अल्लीपुरात माझ्या ओट्यासमोर वसंताचं घर आहे, त्याची ही मोठी बहीण. नवऱ्यासोबत हिंगणघाटला भाड्याने राहायची. मूलबाळ नव्हतं. नवरा वारला तेव्हा वसंता स्वतः जाऊन तिला घेऊन आला. वसंता वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. त्याची बायको प्रमिला, तीही नाही. तिला जेवणाच्या ताटावर दोघांनी कधी दुखवलं नाही. फक्त राहायला जी खोली दिली, ती कापसाची खोली होती.

आमच्याकडच्या लोकांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. कापूस वेचून आणला की लगेच विकतातच असं नाही. भाव चढेल या आशेने घरात भरून ठेवतात. त्यासाठी बऱ्याच घरांत मागच्या अंगाला एक खोली असते. दिवाळीच्या आसपास ती भरायला लागते आणि मग छतापर्यंत कापूसच कापूस. उन्हाळ्यात रिकामी. मंदा आली ती उन्हाळ्यात. त्या खोलीला खिडकी नाही, वर एक झरोका तेवढा. तिने झाडलं, पुसलं, खाट टाकली, ट्रंक भिंतीशी लावली. आणि दिवाळीनंतर एका दुपारी ट्रॅक्टर दाराशी येऊन उभा राहिला. वसंता म्हणाला, "ताई, तुही खाट जराशी बैठकीत घेतो. कापूस आला."

खाट टीव्हीच्या मागे गेली. साडी बदलायची तर न्हाणीत, आडवं व्हायचं तर टीव्ही बंद झाल्यावर. पाहुणा आला की खाट उभी करून भिंतीला टेकवायची आणि स्वतः माझ्या ओट्यावर येऊन बसायचं. कापूस विकून झाला की परत मागे.

पण मंदाला टोचलं ते खाटेचं नाही. ती एकदा माझ्याकडे तांदूळ निवडत बसली होती. समोरून प्रमिला कोणाला तरी ओरडून सांगत होती, "ताईचा चष्मा कापसाच्या खोलीत असन, पाह्य." मंदाने सूप खाली ठेवलं.

"ऐकलं काकू? आता तं कापसाचं एक बोंडही नाई तिथं. राह्यते मी, अन् नाव त्याचं."

मी म्हटलं, "नावाचं काय घेऊन बसली तू?"

"नावाचंच घेऊन बसली. वसंतानं आपल्या तोंडानं 'ताईची खोली' म्हटलं पाह्यजे. म्हणवून घेते का नाई ते पाहा तुम्ही."

"भांडणार काय?"

"भांडून कायले? भांडलं तं तो घाबरून हो म्हणन अन् महिनाभर माह्याशी बोलणार नाई. मी भिंत सजवते. भिंत सजली की खोली होते, नाई तं ते गोदामच राह्यते."

मला वाटलं, उन्हाचं डोक्यात गेलं हिच्या. पण मंदा बोलली की ते व्हायचंच. त्यासाठी तिच्याकडे सामानही होतं. हिंगणघाटला तिच्या शेजारी रेडियमचं दुकान होतं. रेडियम म्हणजे गाड्यांवर नाव-नंबर चिकटवतात ते, पाठीला गोंद असलेलं चकचकीत प्लास्टिक. अंधारात चमको न चमको, आमच्याकडे सगळे त्याला रेडियमच म्हणतात. दुकानातलं मशीन अक्षरं कापून द्यायचं, पण अक्षरांच्या मधलं नको असलेलं सोलून काढायला माणसाचा हात लागतो. ते काम मंदा घरी आणून करायची, सुईच्या टोकाने. ती खांद्यावरची सुई तेव्हापासूनची. हिंगणघाट सोडताना तिने भांडी वाटून टाकली, पण रंगीत कातरणाचं एक पोतं मात्र सोबत आणलं. बसमधून उतरताना वसंताने ते असं लपवत उतरवलं होतं की लोकांना वाटावं, बहिणीने कचरा आणला.

पहिल्या उन्हाळ्यात तिने त्यातून दोन चिमण्या कापून लावल्या होत्या, त्या सकाळी खाटेवर पडलेल्या सापडल्या. भिंत चुन्याची. रेडियमला चुन्याची भुकटी तेवढी चिकटली, भिंत नाही. म्हणून दुसऱ्या उन्हाळ्यात ती आधी भिंतीच्या मागे लागली. पत्र्याच्या तुकड्याने सगळा चुना खरवडला. पोपडे पाट्या भरभरून उकिरड्यावर नेऊन टाकले. पुट्टी भरली, घासली, वर ऑइलपेंटचे हात दिले, फिका आकाशी. वसंता म्हणाला, "ताई, माणूस लावून देतो ना." ही म्हणाली, "माणूस रंग लावून जाईल. भिंत ओळखीची मले करायची हाये." डोक्याला फडकं, पापण्यांवर पांढरी धूळ, आणि तोंड चालूच. प्रमिला दारात उभी राहून म्हणाली, "ताई, दिवाळीले इथं कापूस भरन. कोणासाठी करून राह्यल्या एवढं?"

"कापसासाठीच. तो बी बिचारा अंधारात पडून राह्यते."

प्रमिलाला हसू आलं, पण तिने ते पदरात लपवलं. मी तिथंच होते, मला दिसलं.

मग सुरू झालं कापणं. जमिनीवर पाट, पाटावर रेडियम, हातात लहान कैची. मागचा कागद पांढरा असतो, त्यावर पेन्सिलीने चित्र काढायचं आणि कापायचं. मोठा तुकडा लावायचा तर भिंतीवर आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारायची, म्हणजे तो सरकवून जागेवर बसवता येतो. मग फणीला फडकं गुंडाळून मधून कडेकडे दाबत न्यायची. "हवा राह्यली की फुगा धरते काकू. अन् फुग्यावर वरून दाबलं तं तो पळते. कडेकडेनं काढा लागते." हे ती रेडियमबद्दलच बोलायची असं नाही. प्रमिला कधी फुरंगटून बसली की मंदा मला डोळा घालायची, "हवा राह्यली. आता कडेनं घेते," आणि जाऊन तिच्या माहेरचं काहीतरी विचारायची. अर्ध्या तासाने दोघी शेंगा फोडत बसलेल्या.

भिंतीवर तिने काय केलं म्हणाल, तर खिडकी. ज्या खोलीला खिडकी नाही तिथं हिने रेडियमची खिडकी लावली. तपकिरी चौकट, काळे गज, खाली कठडा, कठड्यावर तुळशीची कुंडी. गजांच्या पलीकडे पळस फुललेला. केशरी रेडियम तिच्या पोत्यात भरपूर होतं, त्यामुळे पळसाला पानं दिसायचीच नाहीत. खऱ्या पळसाला तरी फुलताना कुठे असतात? एका फांदीवर दोन चिमण्या, दोघींची तोंडं एकीकडे. मी म्हटलं, "एकमेकींकडे पाहू दे ना." म्हणाली, "नाई, त्या बाहेर पाहून राह्यल्या. घरातलं पाहायले मी हाये." गल्लीतल्या बाया पाहायला यायला लागल्या. त्या म्हणायच्या, "कापसाच्या खोलीतली खिडकी पाहायले आलो." मंदा कैची जरा जोरात आपटायची.

दिवाळी झाली. वेचणी सुरू होणार म्हणून मंदाने शेवटचं काम काढलं, दाराच्या बाहेरून वर, तेवढी पट्टी आधीच रंगवून, गणपती. पिवळ्या रेडियमचा, एका अखंड तुकड्यात. नेहमीसारखा मागच्या कागदावर काढला, कान, पोट, डाव्या बाजूला वळलेली सोंड, सगळं मनासारखं. लावला, हवा काढली, उदबत्ती दाखवली.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. मजूर गाठोडी डोक्यावर घेऊन मागे निघाले, पुढे प्रमिला दार उघडायला. दार उघडून तिने वर पाहिलं आणि हात आडवा करून सगळ्यांना थांबवलं.

"ताई, हे काय करून ठेवलं? याची सोंड उजवीकडे हाये."

मंदा म्हणाली, "डावीकडे काढली मी."

"काढली असन. आली उजवीकडे."

आणि खरंच की. मागच्या कागदावर काढलेलं चित्र पुढून पाहिलं की उलटं होतं. आता पळस उलटा काय नि सुलटा काय, चिमण्यांनाही कोणी विचारत नाही. तुळशीचंही तसंच. त्यामुळे इतके दिवस हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, मंदाच्यासुद्धा. गणपतीत मात्र उघडं पडलं. आणि उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक. त्याचं सोवळं-ओवळं पाळावं लागतं, कोणी घरात सहजासहजी ठेवत नाही. मजुरांनी गाठोडी होती तिथंच उतरवली. एकाने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.

वसंता आला. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, कानाला हात लावला. "नाई रे बाप्पा. इथं कापूस कसा टाकता? मजुराचे पाय, धूळ, बिड्या. राहू द्या. आंगणात टाका, वर ताडपत्री झाका."

मंदा खाटेवर बसून होती. खाट हलली नाही. मला तर इतका आनंद झाला की मी साखर घेऊन गेले. म्हटलं, "घे, देवानं दिली तुले खोली."

"देवानं कुठं दिली काकू?" ती म्हणाली. "उलटी कापली म्हणून भेटली."

मग एक दिवस वसंताचा कोणी ओळखीचा आला आणि त्याने मंदाबद्दल विचारलं. वसंता आंगणातून म्हणाला, "ताई? ते मागं असन, देवाच्या खोलीत."

मंदा तडक माझ्याकडे आली. बसली नाही. माझ्या भिंतीला हातही लावला नाही, यावरून समजा. "कापसाची होती, आता देवाची झाली. माही कधी होईन?"

"अवं, राहायले भेटली ना? नाव काय चाटायचं हाये?"

"मी गणपती काढून टाकते."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "बाई, डोकं ठिकाणावर हाये का? आंगण भरलं. आभाळ भरून आलं. पुढचा ट्रॅक्टर आला की तो कापूस कुठं जाणार हाये? गणपती निघाला की तुही खाट परत टीव्हीमागं."

"जाऊ द्या. पण वसंता गणपतीले भिऊन थांबला, मले पाहून नाई. कोणाच्या आडोशानंच राहायचं तं टीव्हीमागंही राह्यतच होती मी."

तुम्हाला सांगते, मी तिला खूप समजावलं. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची, आणि तोच बेत पुन्हा सांगायची. गरम पाण्यात फडकं पिळून तिने गणपतीवर ठेवलं, गोंद सैल झाला तसं एका कानापासून हळूहळू सोलत आणलं. प्रमिला मागे उभी, हात जोडून, रडवेली. "ताई, देव असा काढतात काय? कुठं शिरवायचा आता? हा तं पाण्यात विरघळतही नाई."

"चतुर्थीचा थोडाच हाये? माह्या कैचीतून आला. याले चांगल्या जागी नेते." ताटात घालून, वर रुमाल टाकून ती तो देवळात घेऊन गेली. पुजारी भला माणूस. म्हणाला, "इथं रोज सगळं यथासांग होते, इथं कडक चालते." सभामंडपातल्या खांबावर त्याने तिच्याकडूनच तो लावून घेतला. सोलताना त्याचा एक कान थोडा लांबला, तो तसाच आहे अजून. नीट पाहिलं की दिसतो.

परत आल्यावर मी विचारलं, "आता डाव्या सोंडेचा लावते ना?"

"आत्ता नाई. दारावर कोणीच नको. आधी वसंताचं तोंड उघडू दे."

मंदा आता नाही. मागच्या उन्हाळ्यात गेली, फार त्रास झाला नाही. त्याचं मी सांगत बसत नाही. जाणं सगळ्यांचं सारखंच असतं, आणि तिच्या त्या शेवटच्या आजारातलं काहीही मंदासारखं नव्हतं. मला जी मंदा सांगायची आहे ती पुढच्या ट्रॅक्टरच्या दिवसाची.

आभाळ काळं झालं होतं. अवकाळीचा काय भरवसा? आंगणातल्या ताडपत्रीखाली कापूस आधीच टम्म फुगलेला. त्यात हा ट्रॅक्टर भरून आला. मजूर उतरले. वसंता घाईघाईने मागे गेला, मीही गेले, मला राहवलं नाही. दाराशी त्याने सवयीने चपला काढल्या, वर पाहिलं, आणि तसाच उभा राहिला. वर नुसता रंग. गणपतीच्या जागी जराशी चकाकी, बाकी काही नाही.

मंदा खाटेवर बसलेली. मागे भिंतीवर खिडकी, पळस, चिमण्या. ती म्हणाली, "बाप्पा देवळात गेले, वसंता. आता इथं कोणाचं भेव नाई. कापूस भरायचा असन तं भर, मी खाट उचलते. पण एक सांग, मी कोणाच्या खोलीतून उठून राह्यली?"

मंदाने पुन्हा विचारलं नाही. तिला गप्प बसता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मागून मजूर विचारत होता, "मालक, टाकू का? डोकं दुखून राह्यलं." वसंताची नजर त्या खिडकीवर होती. इतके महिने त्याने ती धड पाहिलीच नव्हती, बाया पाहून गेल्या, हा कामाच्या नादात. मग त्याने मान वळवली. बहिणीच्या तोंडाकडे पाहून त्याला ते बोलता आलं नाही, मजुराकडे पाहून बोलला.

"इथं नाई रे. ते ताईची खोली हाये. बैठकीत टाका."

प्रमिला म्हणाली, "बैठकीत? अन् उद्या माहे बाबा येऊन राह्यले, ते कुठं बसतील?"

"कापसावर बसतील. मऊ लागन त्याईले."

त्याने चपला पायात घातल्या नाहीत, तसाच अनवाणी पुढे गेला. मी मंदाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही रडेल, निदान माझा हात तरी धरेल. तिने पदर कमरेला खोचला. दारातल्या मजुराच्या डोक्यावरचं गाठोडं ओढून स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि एक खांदा पुढे काढून बैठकीकडे निघाली.

"प्रमिला, टीव्हीवर आधी चादर टाक वो," जाता जाता म्हणाली, "अन् कोपऱ्यातून भरा रे, मधात ढीग नका करू. पाणी यायच्या आत आंगणातलाही आत घ्यायचा हाये."